एकतीस मीटरवरची घरघर

रेडिओ बिघडला असं मला आधी वाटलं. थंडी नुकती सुरू झाली होती. सकाळचा चहा घेऊन मी मागच्या खोलीत बसले, शॉर्टवेव्ह लावला, तर एकतीस मीटरच्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती घरघर. पंचवीस मीटरवर तेच, एकोणपन्नासवर तेच. त्या घरघरीखाली कुणीतरी बोलत होतं, पण एक शब्द हाती लागेना.

शब्द हाती न लागणं माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. उमेदीची वर्षं मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. पहिली नेमणूक सटाण्याला. ट्रंक कॉलच्या त्या दिवसांत कानाला हेडफोन लावून, खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा, हेच काम. कांद्याचे भाव, बाळंतपणाच्या बातम्या, कुणी गेल्याचे निरोप, सगळं माझ्या कानावरून जायचं. संध्याकाळी खोलीवर एकटीच असायचे. सोबतीला म्हणून एक जुना ट्रान्झिस्टर घेतला आणि एक दिवस सुई फिरवताना समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी देशाची बाई हिंदीत बोलताना सापडली. मला ते ट्रंक कॉलसारखंच वाटलं, फक्त मध्ये तार नव्हती. तेव्हापासून शॉर्टवेव्ह सुटला नाही. लग्न झालं, नांदगावला बदली झाली, मग नाशिकला आले, पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊस घेतलं, निवृत्त झाले, तरी सकाळचा तास-दीड तास रेडिओचा.

आता ही केंद्रं एकेक करून बंद होत चाललीत. उरली आहेत ती म्हणून जास्त जिवाची.

यजमानांनी पेपरातून मान वर केली. हे गणिताचे शिक्षक होते, त्यांना उत्तर लवकर हवं असतं. "अगं, ती केंद्रं मोबाईलवर येतात ना आता. तिथे ऐक."

"येतात. पण तिथे ती येणारच असतात," मी म्हटलं.

यांनी पुन्हा पेपर वर धरला. त्यांना पटलं नव्हतं, पण हा विषय वाढवायचा नाही हे इतक्या वर्षांत कळलं होतं.

मी घराचा मेन स्विच बंद केला. फ्रिज, राऊटर, दिवे, सगळं थंड. रेडिओ बॅटरीवर लावला. घरघर होती तशीच. म्हणजे दोष माझ्या घरात नव्हता आणि रेडिओतही नव्हता. मला बरं वाटलं. बाहेरची गोष्ट शोधता येते.

खिशात मावेल असा एक छोटा ट्रान्झिस्टर माझ्याकडे आहे. त्याच्या पोटातला अँटेना असा असतो, की रेडिओ हातात धरून गोल फिरवला तर एका दिशेला आवाज मोठा होतो, एका दिशेला दबतो. तो घेऊन मी कॉलनीत निघाले. विजेच्या डीपीपाशी थांबले, रस्त्याच्या दिव्याखाली थांबले, जिमच्या भिंतीला रेडिओ लावून पाहिला. दूधवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "काकू, काही हरवलं का?"

"हरवलं नाही. नको ते सापडलंय, ते कुठून येतं बघतेय."

त्याने मान डोलावली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा निघाले, तिसऱ्या दिवशीही. लोकांना सवय झाली. शेवटी आमच्या मागच्या ओळीतल्या एका घरापाशी घरघर इतकी वाढली, की हातातला रेडिओ थरथरायला लागला. हे घर बरेच महिने रिकामं होतं. आता दारात चपला होत्या आणि दोरीवर नऊवारी लुगडी वाळत होती. मी बेल वाजवली.

दार उघडलं ते पस्तिशीतल्या एका बाईने. हात पिठाचे होते. मी सरळ सांगितलं, "मी पुढच्या ओळीत राहते. माझ्या रेडिओत घरघर येते आणि ती तुमच्या घरातून येतेय असं वाटतं. रागावू नका, पण कुठलं नवीन यंत्र आणलंय का?"

तिने माझ्या हातातल्या रेडिओकडे बघत पिठाचे हात पुसले. मग म्हणाली, "आत या मावशी."

पुढच्या खोलीतच खाट होती. खाटेवर हवेची गादी, आणि तिच्यावर एका कुशीवर झोपलेल्या म्हाताऱ्या बाई. खाटेच्या कडेला अडकवलेला एक पांढरा डबा गुंगुं करत होता. त्यातून दोन नळ्या गादीत गेल्या होत्या. ती त्यांची सून. तिने हळू आवाजात सांगितलं, की हे लोक नामपूरचे. नवऱ्याचा कांद्याचा व्यापार. सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला ऑपरेशन झालं, पण पडून पडून पाठीला जखम झाली, म्हणून जवळ दवाखाना हवा आणि ही गादी हवी. डब्यातला पंप गादीत आळीपाळीने हवा भरतो नि सोडतो, त्यामुळे एका जागी भार पडत नाही.

"हा डबाच असणार," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिने बटण बंद केलं.

माझ्या हातातल्या रेडिओतली घरघर कापल्यासारखी थांबली. मागे एक पुरुष कुठल्यातरी परक्या भाषेत शांतपणे बातम्या सांगत होता. इतके दिवस ज्याच्यासाठी तडफडत होते तो आवाज. आणि त्याच वेळी गादी सुस्कारा टाकून बसायला लागली. म्हाताऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर कळ उमटली.

"चालू करा," मी म्हटलं. "आधी चालू करा."

"थोडा वेळ ऐका ना तुम्ही. मी त्यांना धरते."

"नको. हे बंद करायचं नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही."

डबा पुन्हा सुरू झाला. म्हाताऱ्या बाई डोळे उघडून माझ्याकडे बघत होत्या. "कोन शे हाई?" त्यांनी सुनेला विचारलं. सटाण्याची ती वर्षं माझ्या तोंडी आली. "शेजारनी शे, माय," मी म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. नाशिकला आल्यापासून घराबाहेरचं कुणी त्यांच्याशी अहिराणीत बोललं नव्हतं.

घरी येताना मी दोन गोष्टी ठरवल्या. तो डबा बंद होणार नाही. आणि मी रेडिओ सोडणार नाही. या दोन्हींच्या मध्ये काही वाट असेल तर ती शोधायची.

आधी मी डब्याच्या वायरवर बसवायला फेराइटच्या काळ्या कड्या मागवल्या. वायर त्यांच्यातून गुंडाळून घेतली की अशी घरघर पुष्कळदा कमी होते. त्यांच्या घरी जाऊन मी जमिनीवर बसून ते सगळं केलं. म्हाताऱ्या बाई वरून बघत होत्या. घरघर थोडी उतरली, पण शॉर्टवेव्ह ऐकण्याइतकी नाही. गादी भाड्याची, त्यामुळे डबा उघडायचा प्रश्नच नव्हता. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "बाई, सगळे पंप असेच असतात. पेशंटला तर काही त्रास नाही ना?" त्याचंही बरोबर होतं.

मग मी गाव सोडून बाहेर जायचं ठरवलं. यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर रेडिओची पिशवी घेऊन, भल्या सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला. बाभळीवर तार टाकली, सतरंजी अंथरली. काय ऐकू आलं म्हणून सांगू. व्हिएतनामचं केंद्र असं, की शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय. हे थर्मासमधला चहा ओतत म्हणाले, "बरं येतंय की." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

फिरायला आलेले दोघे आमच्याजवळ थांबले. झाडावरच्या तारेकडे संशयाने बघत एकाने विचारलं, "हे कसलं मशीन आहे?"

"रेडिओ."

"तार कशाला मग?"

मी त्याच्या हातात रेडिओ दिला. तार काढली, आवाज गेला. जोडली, आवाज आला. त्याने स्वतः दोनदा करून पाहिलं आणि मग दोघंही सतरंजीच्या कडेला टेकले, चहा घेऊन गेले.

असं काही आठवडे चाललं. पण ऐन थंडीत पाण्याकाठचा वारा मला बाधला. खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी सकाळचं बाहेर जाणं बंद केलं. मी घरात बसले. शेगडीवर वाफ घेताना मागच्या खोलीतला रेडिओ दिसायचा. तो मी कपाटात ठेवला नाही. ठेवला असता तर हरल्यासारखं झालं असतं. रोज एकदा लावायचे, घरघर ऐकायचे, बंद करायचे.

खोकला बरा होत आला तशी मी दुपारी मागच्या ओळीत जाऊन बसायला लागले. म्हाताऱ्या बाई बोलायला आसुसलेल्या असायच्या. मोसम नदीच्या, मळ्याच्या, जावाजावांच्या गोष्टी. पण पायांचा विषय निघाला की तोंड भिंतीकडे. जखम भरत आली होती, व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येत होती, डॉक्टर म्हणत होते, आता खुर्चीत बसवा, नाहीतर कायमच्या अंथरुणाला लागतील. बाई बसायला तयार नव्हत्या. पडायची भीती त्यांच्या अंगात बसली होती. मुलगा समजावून थकला, सून रडून झाली.

एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "तुना रेडिओ आते बोलस का नही?"

"नही बोलस, माय."

"मना मुळे?"

मी काहीतरी सारवासारव करायला गेले. त्यांनी हात वर केला. ऑपरेटरची नोकरी केल्यामुळे मला एक कळतं, समोरच्याला खरं हवं असेल तेव्हा लाईन तोडू नये. "हा डबा चालू असला की नाही बोलत," मी म्हटलं. "पण डबा चालूच राहिला पाहिजे."

त्यांनी एकदा डब्याकडे बघितलं. मग सुनेला हाक मारली. "खुर्ची आन. मी बठसू."

सून स्वयंपाकघरातून धावत आली. आम्ही दोघींनी त्यांना धरून बसवलं. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटांचे वळ उठले. ओठ घट्ट मिटलेले. सुनेने डबा बंद केला. "जा," बाई मला म्हणाल्या. "ऐक जा."

मला ते बरं वाटेना. आपल्या हौसेपायी कुणी अशी कळ सोसावी, हे कसं चालेल? दारात मी सुनेला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मावशी, कुणाचंच ऐकलं नाही त्यांनी. तुमच्यासाठी बसताहेत तर बसू द्या. तुम्ही ऐकलं नाहीत तर उद्या बसायच्या नाहीत."

मग मी घरी धावले आणि ऐकलं. खरं तर धड काहीच ऐकलं नाही, सगळं लक्ष घड्याळाकडे. थोड्याच वेळात घरघर सुरू झाली. म्हणजे त्या पुन्हा झोपल्या.

हे मग रोजचंच झालं. सकाळी बाईंना खुर्चीत बसवलं की सुनेचा मिस कॉल यायचा. एक रिंग वाजली की मी रेडिओकडे. घरघर परत आली की माझी वेळ संपली. दुपारी मी जायचे आणि काय ऐकलं ते सांगायचे. त्या चौकशी करायच्या अगदी बारीक. बोलणारी बाई होती की बाप्या, गाणं कसलं होतं, तिकडे पाऊस पडला का. सांगण्यासारखं काही नसलं तर त्यांना राग यायचा. "मी इतली बठनू, आनि तू काहीच ऐकं नही?" म्हणून मी नीट लक्ष देऊन ऐकायला लागले. सटाण्यानंतर इतकं कान देऊन मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचं बसणं वाढत गेलं. आधी मला जेमतेम मथळे मिळायचे. मग पूर्ण बातम्या, मग बातम्यांनंतरचं संगीत. काही दिवस वाईटही गेले. एकदा ताप आला आणि मिस कॉल आलाच नाही, त्यानंतरही काही दिवस नाही. मी रेडिओ न लावता तिकडे जाऊन उशाशी बसले. पुन्हा बसायची वेळ आली तेव्हा त्या कुरकुरल्या, सुनेवर ओरडल्या, आणि बसल्या.

होळीनंतर त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. पाठीची जखम पूर्ण भरली होती. डॉक्टर म्हणाले, आता साधी गादी चालेल. टेम्पो आला, दुकानातल्या माणसाने नळ्या गुंडाळल्या, डबा पिशवीत टाकला. माझ्या फेराइटच्या कड्या सुनेने काढून हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा स्वच्छ होता. सुई हलवावी तिथे कुणीतरी. मला वाटलं होतं मी दिवसभर उठणार नाही. पण बाई पहिल्यांदाच ओट्यापर्यंत चालणार होत्या, म्हणून मी लवकर बंद करून तिकडे गेले. त्या दार ओलांडून ओट्यावर आल्या, खुर्चीत टेकल्या, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला विचारत राहिल्या. उन्हाळ्यात ते सगळे नामपूरला परत गेले.

मागच्या आठवड्यात आमच्या डाव्या हाताच्या शेजाऱ्यांकडे गच्चीवर सोलरचे सांगाडे चढवताना दिसले. सोलरच्या इन्व्हर्टरनेही शॉर्टवेव्ह बुडतो, हे मला ठाऊक आहे. या वेळी मी घरघर सुरू व्हायची वाट बघितली नाही. फेराइटच्या कड्या पदरात घेऊन जिना चढले आणि फिटिंग करणाऱ्याला म्हटलं, "वायर जोडायच्या आधी दोन मिनिटं माझं ऐका."

त्याने ऐकलं. कड्या बसवतो म्हणाला, फरक किती पडेल ते माहीत नाही म्हणाला. यजमानांनी जेवताना विचारलं, "आणि नाहीच पडला फरक तर?"

"सोलर सूर्य उगवल्यावर चालू होतं," मी म्हटलं. "मी त्याआधी उठेन."