विमानाची डबल बेल

आमच्या घरात पाच विमानं आहेत. सहावं माझ्यामुळे गेलं.

हे एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं सोलापूर–सांगोला, सांगोला–सोलापूर. निवृत्त झाले आणि घरात नुसते बसून राहायला लागले. हात मात्र बसेनात. जेवताना समोरचं ताट जरा डावीकडे, जरा उजवीकडे वळवत राहायचे. पुण्याहून मुलगा आला, त्यानं ते बघितलं आणि कॉम्प्युटरवर त्यांना विमानाचा खेळ लावून दिला. धरायला एक दांडाही आणून दिला. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच आभाळात विमानं चालवतात, असा तो खेळ. फेरी नीट झाली की गुण मिळतात. गुण साठले की नवं विमान मिळतं आणि आपल्या हँगरमध्ये येऊन उभं राहतं.

मला वाटलं, आठ दिवसांचं खूळ. कसलं काय! सकाळी चहाआधी हे हँगर उघडून एकेक विमान चारी बाजूंनी फिरवून बघायचे. टायरला लाथ मारून बघता येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

दुपारी बाहेर ऊन मी म्हणत असायचं. घरात पडदे ओढलेले, कूलर घुमत असलेला, त्याच्या गवताचा ओला वास, आणि समोर ढग. हे सोलापुरातून उडायचे ते थेट सांगोल्याचा रस्ता धरायचे. आभाळात रस्ता धरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. खाली रस्ता वळला की वर विमान वळायचं. मंगळवेढा आलं की वेग कमी व्हायचा. सरळ गेले असते तर गुण भराभर साठले असते, पण ह्यांना ते पटेना. डाळिंबाच्या बागा ठिपक्याठिपक्यांनी सरकत राहायच्या. मी मागे कॉटवर पडलेली असायचे, आणि डोळा लागता लागता वाटायचं की कॉटचेही पाय जमिनीवरून सुटलेत. मग कुठून कुठे जातोय हे विचारावंसंही वाटायचं नाही.

पहिल्याच दिवशी मजा झाली. विमान धावपट्टीवर आणून हे गप्प बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बेल दे की."

एसटीत कंडक्टरनं दोनदा बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. एकतीस वर्षांची सवय, ती विमानाला काय ऐकते! माझ्या हातात दहीभाताची वाटी होती. मी तिच्यावर चमचा दोनदा वाजवला. टण् टण्. लगेच ब्रेक सुटला आणि विमान पळायला लागलं. त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली.

वरवर मी कुरकुरायचे, पण खरं सांगते, मला ते फार आवडायचं. इतकी वर्षं मी ह्यांची पाठच बघितली होती. पहाटे डबा घेऊन दारातून निघालेली पाठ. मुक्कामाची गाडी असली की दुसऱ्या दिवशीच तोंड दिसायचं. त्यांच्या गाडीत बेल देणारे दुसरेच होते. आता ती माझ्या हातात आली होती.

मग खेळात ह्यांना सोबती मिळाले. कानाला हेडफोन लावून हे सगळ्यांना "रामराम मंडळी" म्हणायचे. त्यांची पुढारी एक मुलगी होती, ती ह्यांना "अंकल" म्हणायची. सगळ्यांनी मिळून ठरवलं, सात दिवस रोज चार वाजता एकत्र उडायचं. सातही फेऱ्या झाल्या की प्रत्येकाला चार इंजिनांचं मोठं विमान मिळणार होतं. एक जरी चुकली तर नाही. हे हरखून गेले. जेवणाकडे लक्ष नाही, मी बोलले तर उत्तर नाही. मी वाटी वाजवायची आणि गप्प बसायचं.

सातवा दिवस गुरुवार होता. अक्कलकोटला दोघांनी मिळून जायचं, असं मी सहा महिने म्हणत होते, त्या सकाळीही म्हणाले.

"उद्या जाऊ की," हे स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "आज शेवटची फेरी हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आदी गाडी, आता इमान. तुमच्या फेरीत मी कुटं हाय? मी नसले तरी तुमचं काय अडतंय?"

कानाला हेडफोन. मी वाटी-चमचा मोरीत आदळला आणि एकटीच स्टँडवर गेले.

दर्शन झालं. परतीची गाडी सुटली तेव्हा चार वाजले होते. शेजारच्या बाकावरच्या दोघी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत होत्या. कंडक्टरनं दोनदा बेल दिली आणि मला वाटलं, झालं, आता ह्यांचंही सुटलं असेल. मी खिडकीला डोकं टेकलं. ज्वारीच्या रानातून आमच्या गाडीची सावली पळत होती, आणि पेंगत असताना तिला पंख फुटल्यासारखे दिसले. राग निवला होता. मिळू दे बाई त्यांना ते विमान, असं मी मनात म्हटलं.

घरी आले तेव्हा साडेपाच वाजले होते. हे खुर्चीत ताठ बसलेले. स्क्रीनवर मोकळी धावपट्टी, आणि तिच्यावर एकटं विमान, लाल दिवा उघडझाप करत.

"आलात परत?" मी विचारलं.

"गेलोच न्हाय."

"म्हंजे?"

"पोरगी लई हाका मारत हुती. अंकल, चलो, अंकल, चलो. मी म्हणलं, कंडक्टर बाहेर गेलाय, तुमी व्हा फुडं."

माझ्या कॉटवर वाटी आणि चमचा ठेवलेला होता. मोरीतून काढून, घासून, पुसून. मला तिथंच रडू फुटलं.

"मोठं इमान गेलं की हो माज्यापायी," मी म्हणाले.

"जाऊंदे की. तेवढ्या मोठ्या इमानात तुजी बेल मला ऐकू आली नस्ती."

त्यांनी दांडा धरला. मी प्रसादाची पुडी बाजूला ठेवून कॉटवर बसले. डोळ्यांत पाणी होतं, चमचा निसटला आणि पहिल्यांदा एकच टण् झालं. एक बेल म्हणजे थांबा. हे थांबून राहिले. मग मी डोळे पुसले आणि नीट दोनदा वाजवली.