सुलक्षणाबाईंचं पायपुसणं

ब्रिस्टलच्या महाराष्ट्र मंडळाने सुलक्षणाबाईंना नाटकात मोलकरणीपलीकडे कधी भूमिका दिली नाही. बासष्टाव्या वर्षी मात्र ब्रिटिश सैन्याला त्यांच्यातली कलावती दिसली. युक्रेनहून आलेल्या सैनिकांना गल्लीबोळांत, घराघरांत लढायला शिकवण्यासाठी एक खोटं गाव उभारलं होतं. त्यात 'घर सोडायला तयार नसलेली म्हातारी' हे काम बाईंना मिळालं. 'म्हातारी' या शब्दावर त्यांनी आक्षेप घेतला. मेकअपची गरज नाही असं कळल्यावर तर त्या दोन दिवस धुमसत होत्या.

जानेवारीत त्या कामावर रुजू झाल्या, त्या घरून झाडू, जुना गालिचा आणि पायपुसणं घेऊनच. खिडक्यांना काचा नाहीत, छत अर्धं, पण बाईंनी ते घर लख्ख झाडून काढलं. त्यांचे यजमान अंबरीशराव तीस वर्षं स्वतःच्या घरात मोज्यांवर वावरत होते, तिथे सैन्याची काय पत्रास!

पहिल्या दिवशी लाथेसरशी दार उघडलं. चिखलाने माखलेला, पिकल्या दाढीचा एक सैनिक आत घुसू लागला आणि बाई भूमिका विसरून मराठीत कडाडल्या, "अहो, बूट! बूट काढा आधी!"

बोट पायांकडे रोखलेलं. भाषा कळायची गरजच नव्हती. तो उंबऱ्यात थबकला, आणि आतल्या खोलीत लपलेल्या खोट्या शत्रूची रंगाची गोळी त्याच्या छातीवर फुटली.

"डेड," सार्जंटने चहाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

बाईंना हसू फुटलं. मग दुभाषी मुलीने इंग्रजीत समजावलं. हा बोहदान, शाळेत सुतारकाम शिकवायचा. समुद्राकाठचं त्याचं गाव शत्रूच्या ताब्यात आहे, पुढच्या महिन्यात त्याला तिथेच लढायला जायचंय. त्याची आई अगदी अशीच ओरडते. ती अजून त्याच घरात आहे, निघायलाच तयार नाही.

बाईंचं हसू विरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीभ आवरली. बोहदान आपण होऊन पायपुसण्यावर थांबला, बूट घासले आणि पुन्हा मेला. आईचे सत्तेचाळीस वर्षांचे संस्कार! मंडळात या विषयावर बाई दरवर्षी भाषण देत. त्या संध्याकाळी त्या गाडीत बसून रडल्या. एखाद्याच्या चांगल्या सवयीची त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली होती.

तिसऱ्या दिवशी पायपुसणं पिशवीत गेलं होतं. दार उघडताच बाई हाताने आत बोलावत ओरडल्या, "ये बाबा, बूट घालूनच ये! थांबू नकोस!" तो गालिचा तुडवत त्यांच्या शेजारून आतल्या खोलीत शिरला. सार्जंटने या वेळी 'डेड' म्हटलं नाही. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसे.

निघताना बोहदानने दुभाषीकरवी निरोप दिला, की आता घरात बूट घालून शिरलो तर आईच मला ठार मारेल.

"टेल हिज मदर," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं इंग्रजी तिथेच संपलं. त्यांनी त्याचा हात धरला आणि मराठीतच सांगितलं, "तिला म्हणावं, सुलक्षणाने परवानगी दिली आहे. गालिचा मी येऊन धुऊन देईन."