विहिरीमागच्या कोपऱ्यातली माती

मातीचे नमुने घ्यायला आमच्या वटार गावात येणारे शेतकी खात्याचे गृहस्थ कुणाच्याही वाडीत शिरताना चपला बाहेर काढत. बोलणं अगदी मोजकं. काहीही विचारलं, की "बघू, वहिनी" म्हणायचे आणि चिमूटभर माती नाकाशी धरायचे.

तीन वर्षं मी केळीचा पाला जाळू दिला नव्हता. सगळा मातीतच कुजवला होता. "यंदा फरक दिसला नाही, तर पुन्हा जाळायचं," असं सासऱ्यांनी बजावलं होतं. म्हणून नमुना घ्यायला मी या गृहस्थांना शेणखताच्या ढिगाजवळची काळी माती दाखवली.

"तिथं कोणीही पास होईल," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वीचा पहिला नमुना विहिरीमागचा होता. तुलना तिथल्याच मातीशी हवी." आणि तिथल्या पांढुरक्या, निबर कोपऱ्यात जाऊन खणू लागले. मला त्यांचा राग आला आणि भीतीही वाटली.

काही दिवसांनी ते स्वतः अहवाल घेऊन आले. "सेंद्रिय कर्ब वाढलाय, वहिनी. मातीचा कस चांगला सुधारलाय." एवढं बोलून त्यांनी तो कागद माझ्याऐवजी सासऱ्यांच्या हातात दिला.

सासऱ्यांनी तो दोनदा वाचला. "राहू दे पाला तिथंच," ते म्हणाले आणि मी वाडीतला वाळका पाला गोळा करून विहिरीमागच्या कोपऱ्यात पसरायला निघाले.