तारीख टाकायची नसते

मी तारखा काढते असं सांगितलं की लोकांना वाटतं मी कोर्टात आहे, नाहीतर लग्नं जुळवते. प्रत्यक्षात सातिवलीला एका बांधकाम ठेकेदाराच्या ऑफिसात मी कामाचं वेळापत्रक सांभाळायचे. आधी पाया, मग खांब, मग स्लॅब, कशाला किती दिवस, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. त्याचा नियम सोपा आहे. काम किती दिवसांचं आणि कोणत्या कामाच्या मागून, एवढंच तुम्ही सांगायचं. तारीख ते काढतं. पण आमच्याकडे एवढा धीर कोणाला? जो तो थेट तारीखच टाकून मोकळा होतो.

आणि अशी तारीख टाकली, मागच्या कामाशी जोडलंच नाही, की ते काम तिथं खिळा ठोकल्यासारखं बसतं. पाया चार महिने रखडू दे, वरचा स्लॅब जागचा हलत नाही. पडद्यावर सगळं वेळेत आणि साइटवर गुडघाभर पाण्याचा खड्डा. माझ्याआधीच्या माणसाने वसई पूर्वेच्या एका सोसायटीची फाइल अशीच भरून ठेवली होती. जुनी इमारत पाडलेली, चाळीस कुटुंबं भाड्याच्या घरांत, आणि फाइलच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं, ताबा दसऱ्याला. हा दसरा कोणी ठरवला? आमच्या ठेकेदार शेठनी. कशावरून? नारळ फोडताना त्यांच्या तोंडून निघाला म्हणून.

मी सगळ्या तारखा पुसल्या. कामं एकामागे एक जोडली आणि दिवस भरायला घेतले. महिन्यात खरोखर किती दिवस काम होतं, हे ऑफिसात कोणालाच सांगता येईना, म्हणून साइटवर जाऊन मुकादमाला विचारलं. तो जवळच्याच गावातला, पन्नाशीचा माणूस.

"रविवार सोडून समदे दिवस," तो म्हणाला. "नि आवस सोडून."

"अमावस्येला पूर्ण सुट्टी?"

"म्याडम, आवसेला कोन थापी हातात घेतो? गवंडी येत नाय, सेंट्रिंगवाला येत नाय. मंग मी एकटाच पानी मारत बसू?"

ऑफिसात येऊन मी पंचांग उघडलं आणि सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक अमावस्या सुट्टी म्हणून टाकली. शेजारच्या टेबलावरचे दोघे पोट धरधरून हसले. इंजिनीअर बाई आणि अमावस्या पाळते! मी काही पाळत नाही. माझी स्कूटर मी मुद्दाम अमावस्येला घेतली आहे. पण कॅलेंडर माझ्या श्रद्धेसाठी नसतं, त्या दिवशी कामावर कोण येतं यासाठी असतं. होळीला गावी जाणाऱ्या मजुरांचे पंधरा दिवसही मी धरले. स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस ठेवायचे, तेही लिहिलं. मग बटण दाबलं. ताबा दसऱ्यावरून सरकत सरकत पुढच्या मेच्या पहिल्या आठवड्यात जाऊन थांबला.

शेठनी प्रिंट पाहिली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दसऱ्याचा मे कसा काय झाला?"

"झाला नाही शेठ, तो मेच होता. आधी दिसत नव्हता."

"ती अमावस्या काढून टाका पहिली. हसतील लोक. आणि टेकू चौदा दिवस कशाला? सात करा. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, त्यांना दसरा दिसला पाहिजे."

"सात मी लिहीन हो. सिमेंटला कोण सांगणार?"

"मॅडम, सॉफ्टवेअर आपल्यासाठी आहे, आपण सॉफ्टवेअरसाठी नाही आहोत."

"मग तुम्हीच बदला," मी म्हटलं, "आणि खालचं माझं नाव काढा."

हा माझा तोरा नव्हता. मी फुलपाड्यात वाढले. वडिलांनी घर नोंदवलं तेव्हा बिल्डर म्हणाला होता, पाडव्याला किल्ली. आईने पाडव्याआधी भांडी पोत्यात भरली. मग गणपती म्हणाला, मग दिवाळी. दोन वर्षं आम्ही चौघं चार ताटांत जेवलो, कारण बाकीचं सगळं पोत्यात होतं आणि आई ते सोडायला तयार नव्हती. तो बिल्डर दरवेळी हसून तारीख द्यायचा. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

रविवारी सकाळी साइटवरच, पहिल्या स्लॅबखाली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. शेठनी जुनीच फाइल टीव्हीवर लावली. वेळापत्रकवाल्या मॅडम अशी ओळख करून देऊन मला मागच्या रांगेत बसवलं होतं, तोंड उघडायचं नाही या बोलीवर. शेठ दसरा, तोरण, मिठाई असं रंगवून सांगत होते आणि लोकांचे चेहरे उजळत होते.

तेवढ्यात एक निवृत्त शिक्षक उठले. बायकोचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकरशिवाय चालता येत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. त्यांच्या भाड्याच्या घराचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. घरमालकाकडे दुसरा भाडेकरू तयार होता. राहायचं तर पूर्ण अकरा महिने, नाहीतर घर सोडा, असं त्याने बजावलं होतं.

"दसऱ्यापर्यंतच असेल तर दोन-तीन महिने मुलाच्या एका खोलीत कसंतरी काढू," ते म्हणाले. "पण हिला मी एकदाच हलवू शकतो. परत परत नाही. म्हणून नीट विचारतोय." मग ते शेठकडे न बघता मागे वळले. "हा तक्ता तुम्ही बनवता ना, ताई? मी घरमालकाला काय सांगू?"

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर तिने खाली बघितलं असतं. मी उभी राहिले.

"अकरा महिन्यांचा करार करा, सर. घर मेमध्ये होईल. टीव्हीवरचा तक्ता माझा नाही."

मग जो गोंधळ झाला तो झाला. कमिटीने माझा तक्ता मागितला, अमावस्यांसकट. त्यावर कोणीही हसलं नाही. उलट एक बाई म्हणाल्या की एवढं तरी खरं लिहिलंय. शेठनी सोमवारी माझ्याकडे राजीनामा मागितला. मी दिला नाही. काढायचं असेल तर कारण लिहून काढा, म्हटलं. "कमिटीला मे सांगितला" हे कारण लेटरहेडवर लिहायची त्यांची हिंमत झाली नाही. पुढचे दहा महिने ते माझ्याशी फक्त ऑफिसच्या शिपायामार्फत बोलले. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. टेकू चौदा दिवस राहिले, अमावस्येला साइट बंद राहिली, आणि रोज संध्याकाळी मी झालेलं काम भरत गेले.

किल्ल्या मेमध्ये दिल्या. ते शिक्षक बायकोला लिफ्टने वर घेऊन गेले, तिला खुर्चीत बसवलं आणि मला शोधत खाली आले. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला माझा तक्ता काढला, चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"चार दिवस उशीर झालाय, ताई."

या गावात वर्ष वर्ष उशीर झाला तरी कोणी ब्र काढत नाही, कारण तारखेवर कोणाचा विश्वासच नसतो. माझ्या तारखेवर या माणसाने विश्वास ठेवला होता, म्हणून चार दिवसांसाठी तो माझ्याशी भांडायला आला होता. मी हात जोडून म्हटलं, "हो सर. चुकले मी."