पायांची हजेरी

आमच्या तळमजल्यावरच्या सिस्टरांएवढा आवाज देवानं दुसऱ्या कुठल्या बाईला दिला नसावा. दिला असेल तर ती बाई निदान भिवंडीच्या या नारपोलीत राहत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी घेत नाही. आरोग्य केंद्रात त्या नर्स, म्हणून अख्ख्या गल्लीच्या सिस्टर. आमच्या समोर पॉवरलूमचा कारखाना, मागे कारखाना, दोन्ही बाजूंना कारखाने. अशा खडखडाटात जन्म काढलेली माणसं मोठ्यानंच बोलतात, पण सिस्टरांचं बोलणं त्या खडखडाटाला बाजूला सारून पुढे जायचं. गंमत म्हणजे आपण फार हळू बोलतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. एखाद्या सुनेला दारात गाठून, "तुला म्हणून कानात सांगते हां," असं म्हणत त्या जे सांगायच्या ते पलीकडच्या गल्लीतला चहावाला दूध उकळता उकळता ऐकायचा.

मग लॉकडाऊन आला आणि लूम बंद पडले. भिवंडीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. सवय नसल्यामुळे आमच्या आईला तर झोपच लागेना. हळूहळू सगळ्यांनी आपापले आवाज खाली आणले. सिस्टरांनी मात्र चढवला, कारण मास्कमुळे लोकांना ऐकू येत नसणार असं त्यांना वाटायचं. नेमके त्याच दिवसांत माझ्या बायकोला, मनीषाला, दिवस गेले होते. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही असं आईनं बजावून ठेवलं होतं. एकदा मनीषा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खालून कुणाच्या तरी फोडणीचा वास आला आणि तिनं नाकाला पदर लावला. सिस्टर ओट्यावर उभ्या होत्या. "मनीषा! कितवा गो?" मनीषानं घाबरून तोंडावर बोट ठेवलं. सिस्टरांना चूक कळली आणि त्यांनी आपल्या हिशेबानं आवाज उतरवला. "बरं बरं, मी न्हाय सांगत कोणाला!" संध्याकाळपर्यंत सगळ्या गॅलऱ्यांतून अभिनंदन आलं आणि आई रात्री मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढत बसली.

गल्लीत तेव्हा बऱ्याच जणी गरोदर होत्या. कोरोनाच्या भीतीनं केंद्रात जायला कुणी तयार नाही, आणि सिस्टर रोज पेशंटांत वावरणाऱ्या, म्हणून त्यांना घरात घ्यायलाही लोक कचरायचे. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. सिस्टरांनी हजेरी सुरू केली. ड्युटीवर जाण्याआधी त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि हाळी द्यायच्या, "पाय काढा बाहेर!" की सगळ्या गरोदर बाया गॅलरीत बसून कठड्याच्या गजांतून पाय बाहेर सोडायच्या. कुणाला सूज आहे ते खालूनच बघायचं. "पुरुषांनी भिंतीकडं तोंड करा! बाया हायत, सर्कस न्हाय!" मग दात घासत उभे असलेले आम्ही सगळे बाप्ये निमूटपणे भिंतीकडे वळायचो. समोरच्या कारखान्याचे सेठसुद्धा, कारण त्यांच्या सुनेचेही पाय त्या रांगेत असत. सासवांनी सुनेच्या घोट्यावर अंगठा दाबायचा आणि खड्डा पडतो का ते सांगायचं. आमची आई या कामाला आंघोळ करून, नेसूचं पातळ बदलून बसायची. "शबाना, पाँव फुला है तेरा! चुपके से अचार खाती है ना?" असं खालून आलं की शबानाच्या घरातून तिच्या सासूचं "अचार?" ऐकू यायचं आणि पाठोपाठ बरणी उचलल्याचा आवाज.

मनीषाचं माहेर वाडा तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण कोरोनामुळे ते राहून गेलं. इस्पितळात सोबत कुणाला सोडत नाहीत, एकटीला राहावं लागतं, हे ऐकल्यापासून तिनं इस्पितळाचा धसकाच घेतला होता. नववा लागला आणि एका सकाळी, ऑक्टोबरच्या भर उकाड्यात, तिनं गजांतून पाय बाहेर काढले ते लोकरीचे मोजे घालून.

"मोजे कशाला?"

"थंडी वाजते, सिस्टर."

"आता? काढ ते."

मनीषानं पाय आत ओढून घेतले. कोरोना आल्यापासून ज्या कधी जिना चढल्या नव्हत्या, त्या सिस्टर तडक वर आल्या आणि त्यांनी मोजा खाली ओढला. इलॅस्टिकचा वळ मांसात रुतला होता. डोकं दुखतंय हेही मनीषानं तेव्हा सांगितलं. सिस्टरांनी पिशवीतून बीपीचं मशीन काढून दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "टेम्पो मागव." त्या खरोखरच हळू बोलल्या म्हणून मी चपला न घालताच सेठकडे धावलो.

सेठनं कापडाचे तागे वाहायचा टेम्पो दिला. इस्पितळाच्या दारातून मनीषाला एकटीलाच आत नेलं. आत जाताना तिनं माझ्याकडे नाही, सिस्टरांकडे वळून बघितलं. सिस्टर इमारतीला वळसा घालून मागच्या खिडक्यांखाली गेल्या आणि त्यांनी मास्कमधून आवाज टाकला, "मनीषा, घाबरू नको गो! मी हितंच हाय, खाली!" रखवालदार धावत आला. "बाई, हे इस्पितळ आहे, हळू बोला."

"हळूच बोलतेय ना मी!" सिस्टरांना मनापासून राग आला होता.

नंतर रखवालदारानंच त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. त्या बसल्या नाहीत. दिवसभर उभ्या राहून ओरडत होत्या, "श्वास सोड! देवाचं नाव घे! मी हाय!" दिवेलागणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. घरी आल्यावर मनीषा म्हणाली, "आत सगळे नखशिखान्त झाकलेले, एकाचंही तोंड दिसेना. आवाज तेवढा माझ्या ओळखीचा होता."

पुढच्या लाटेत सिस्टरांनाच कोरोना झाला. खूप दिवस त्या इस्पितळात होत्या. परत आल्या, पण आवाज परत आला नाही. आता त्या निवृत्त झाल्यात आणि ओट्यावर बसतात. बोलतात तेव्हा ओठ हलताना दिसतात, बाकी सगळं लूमच्या खडखडाटात बुडून जातं. मला ते बघवत नाही.

यंदा मनीषाला पुन्हा दिवस गेलेत. इस्पितळात तपासण्या वेळेवर होतात, तरी हजेरी चुकत नाही. सकाळी सिस्टर काठी टेकत गल्लीच्या मधोमध येऊन उभ्या राहतात. समोर सेठ कारखान्याच्या दारातून आत हात करतात, आणि ज्या माणसानं सणालासुद्धा कधी लूम लवकर थांबवला नाही, त्याचे सगळे लूम थांबतात, पाठोपाठ आजूबाजूच्या कारखान्यांचेही. गल्ली गप्प होते. मग सिस्टर, त्यांना आता जमतं तेवढ्या आवाजात, म्हणतात, "पाय काढ बाहेर."

मी भिंतीकडे तोंड करतो. डोळे पुसायला ती जागा बरी पडते.