मणक्याचे डॉक्टर

आमचे सर पेशंटची फिल्म आधी बघत नसत, त्याची चाल बघत. ओपीडीच्या खिडकीतून हॉस्पिटलचं फाटक सरळ दिसायचं. माणूस रिक्षातून उतरून पाय कसा टाकतो, कुठल्या बाजूला झुकतो, हे सर खुर्चीत बसल्या बसल्या टिपून ठेवत. तो आत येऊन एमआरआयचं पाकीट पुढे करायचा, तर सर म्हणायचे, "ते राहू दे. उजव्या पायाला मुंग्या येतात ना?" मावळातल्या गावांत मग बोलबाला झाला, की मणक्याचे डॉक्टर नुसतं बघून सांगतात.

तळेगावच्या त्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. दुर्बिणीतून मणक्याचं ऑपरेशन करणाऱ्यांत सरांचं नाव मोठं होतं. बारीकशा छेदातून नळी आत जायची, सर पडद्यावर बघत नसेवर दाब देणारा मणक्यांमधल्या गादीचा तुकडा काढायचे. कंबर तेवढी बधिर, पेशंट जागा. बाहेरच्या राज्यांतले सर्जन सरांच्या मागे उभे राहून शिकायचे. सरांचं बोलणं मात्र टेबलावरच्या माणसाशी चालू असे. भात लावून झाला का, जावई कुठे असतो. शिकाऊ डॉक्टरांना सांगत, "त्याला बोलता ठेवा. नसेला धक्का लागला तर तो तुमच्याआधी ओरडेल."

ऑपरेशन करण्यापेक्षा नाकारण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. लोणावळ्याच्या एका शाळेतल्या बाई सुट्टी लागताच आल्या. "दुर्बिणीनं करूनच टाका एकदाचं."

"पायात ताकद आहे, दुखणंही उतरतंय. व्यायाम करा. मी कशाला हात लावू?"

"अहो, पण फिल्ममध्ये गादी सरकलेली दिसतेय!"

"तुमच्या वयाच्या पुष्कळांची दिसते. सगळ्यांना टेबलावर घेऊ का?"

बाई तणतणत गेल्या. पुढे बऱ्या झाल्यावर बहिणीला घेऊन आल्या. सरांनी बहिणीलाही परत पाठवलं.

लोणावळ्याला भुशी धरणाजवळ भज्यांची टपरी चालवणाऱ्या एका मावशींचं ऑपरेशन मात्र सरांच्या मनासारखं झालं नव्हतं. वेदना गेली, पण पायाचा पंजा उचलायची ताकद आली नाही. परिषदांमध्ये बाकीचे सर्जन आपापली यशं दाखवत, सर मावशींच्या ऑपरेशनचा व्हिडिओ लावत आणि एका जागी तो बंद करून म्हणत, "इथं मी थांबायला हवं होतं." लोणावळ्याला गेले की टपरीवर जाणं ठरलेलं. एकदा मी सोबत होते. मावशी वैतागून म्हणाल्या, "किती येळा बगनार डाक्टर? दुकत न्हाई, ह्ये काय कमी हाय?" सर म्हणाले, "पाय पुढे करा." बाकड्यावर बसून, गिऱ्हाइकांसमोर, त्यांनी मावशींचा पंजा हातात घेऊन तपासला.

अंगावर एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा जड एप्रन आणि मान पडद्याकडे वळवलेली, असं सर वर्षानुवर्षं उभे राहिले होते. अलीकडे दोन ऑपरेशनांच्या मधे ते खांदा चोळत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं."

अशातच तिकोणा पेठ गावचे एक आबा आले. पायात आग व्हायची आणि चालताना पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नव्हतं. नस फार दिवस दाबलेली राहिली तर पाय कायमचा लुळा पडला असता. पण कंबरेला हत्यार लागलं की माणूस अंथरूण धरतो, असं गावात कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. शेवटी म्हणाले, "तुमी सोता करनार आसाल तर झोपतो."

ऑपरेशन निम्मं झालं होतं. सरांच्या हातातला बारीक चिमटा अडखळला. त्यांनी तो लगेच बाहेर घेतला, अंगठा दोनदा बोटांवर घासला आणि थांबले. समोर त्यांच्या शिष्या, आमच्या धाकट्या मॅडम उभ्या होत्या. त्या बरीच वर्षं स्वतंत्रपणे ऑपरेशनं करत होत्या. सरांनी चिमटा त्यांच्याकडे दिला आणि आबांच्या डोक्याशी स्टूल ओढून बसले.

"आबा, माझा अंगठा बधिर झालाय. आता माझ्या हातून नको. पुढचं मॅडम करतील."

आबा पालथे होते. त्यांनी मान सरांकडे वळवली. मग म्हणाले, "तुमी जानार का भायेर?"

"नाही. इथंच बसतो."

"मंग हात धरा."

सरांनी हातमोजा काढून त्यांचा हात धरला. मॅडम तुकडा सोडवेपर्यंत दोघं भाताच्या वाणांबद्दल बोलत राहिले. एकदम आबा म्हणाले, "आग थांबली की वं पायातली!" सरांनी पंजा वर करायला सांगितलं. थोडासा, पण उचलला.

सरांनी त्यानंतर ऑपरेशन केलं नाही. त्यांच्याच मानेतली गादी सरकून अंगठ्याकडे जाणाऱ्या नसेवर दाब आला होता. ठीक होऊन आबा तपासणीला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "डाक्टर, तुमची मान कोन करनार?"

"मॅडमच."

"मंग भिऊ नका. हात लय हलका हाय त्यांचा."

मॅडमनी ऑपरेशन केलं. मान दुखायची थांबली, अंगठा बधिरच राहिला. सर थोडे दिवस शिकवायला येत होते, मग मुलीकडे नाशिकला राहायला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी आम्ही गाडीपर्यंत गेलो. मॅडमचे डोळे भरले होते. सर गाडीत बसले, काच खाली केली आणि त्यांना म्हणाले, "थिएटरातला पडदा माझ्या उंचीला लावलाय. उद्या आधी तो तुझ्या उंचीला खाली घे. तुझी मान सांभाळ."