स्वतःची टिपणं खोडणाऱ्या बाई

प्रा. रत्नमाला सोनकांबळे यांना मी प्रथम भेटले ती नापास झालेली विद्यार्थिनी म्हणून. मी भाईंदरजवळच्या उत्तनची, मासेमारी करणाऱ्या घरातली. एम.ए.ला जागतिक अभिजात साहित्याचा पेपर राहिला होता आणि पुन्हा बसायचं नाही, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. एका मैत्रिणीने जवळजवळ ओढतच मला सिल्व्हर पार्क वसाहतीतल्या बाईंच्या घरी नेलं. तिथे दर रविवारी सकाळी दहा-बारा जणांचा वर्ग भरत असे.

"प्रतीक म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. मी व्याख्या धडाधड म्हणून दाखवली.

"बरोबर आहे. पण ही गाईडची आहे. तुझी कुठे आहे?"

मला रडूच आलं. बाईंनी पाणी दिलं आणि वर्ग पुढे सुरू ठेवला. त्या दिवशी त्यांनी लिफ्टजवळची सोसायटीची नोटीस आणली होती: 'काही सभासदांच्या निष्काळजीपणामुळे टाकी रिकामी झाली आहे.'

"हे कोण सांगतंय?"

"सेक्रेटरी."

"आणि पंप कोण चालू करतं?"

"सेक्रेटरीच!" सगळे हसले.

"मग कादंबरीतला निवेदकही असाच तपासायचा. तो काय सांगतोय हे ऐकायचं आणि का सांगतोय हेही बघायचं."

दोन वर्षं घोकूनही न कळलेली गोष्ट मला पाच मिनिटांत कळली. पुढच्या रविवारी मी कोणी न ओढता गेले.

काही आठवड्यांनी बाई एक जुनी इंग्रजी सागरी कादंबरी शिकवत होत्या. तीत समुद्र हे मृत्यूचं प्रतीक आहे, असं त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, आमच्याकडं दर्या म्हणजे मरण न्हाय. आमचे बाबा तिथं रोज कामाला जातात." दोघं-तिघं फिसकन हसले. मी जीभ चावली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"मग तुमच्याकडे दर्या म्हणजे काय?"

"ते आईलाच विचारावं लागेल."

"ठीक आहे. मी विचारायला येते," बाई म्हणाल्या.

आणि त्या खरोखर आल्या. बसने, उन्हात. आई बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. बाई शेजारी एका उपड्या क्रेटवर बसल्या आणि त्यांनी ती अख्खी कादंबरी आईला मराठीत सांगितली: कप्तान, वादळ, फुटलेलं जहाज. आईचे हात चालूच होते. शेवटी तिने विचारलं, "बाय, त्या बोटीवर जेवण कोण करत व्हता?"

बाई आठवू लागल्या. "एक स्वयंपाकी आहे. पण त्याला नाव नाही. दोनदाच येतो."

"मंग ही कप्तानाची गोष्ट हाय. बोटीची न्हाय."

पुढच्या रविवारी बाईंनी आपली पिवळी पडलेली टिपणं आमच्यासमोर उघडली आणि अर्धं पान पेनाने खोडलं. "समुद्र म्हणजे मृत्यू, हे कप्तानाचं मत. ते साऱ्या पुस्तकाचं मत म्हणून मी इतकी वर्षं शिकवलं. चूक माझी. स्त्रीवादी, मार्क्सवादी ही नावं तुम्ही शिकालच. त्याआधी एवढं विचारा, या पुस्तकात कोणाला बोलू दिलेलं नाही? हा प्रश्न मला उत्तनच्या मार्थाबाईंनी शिकवला."

मार्था म्हणजे माझी आई. पुढे बाईंनी त्या कादंबरीवर एका मासिकात लेख लिहिला, त्याच्या तळटीपेत आईचे आभार होते. अंक द्यायला त्या स्वतः घरी आल्या. आईला वाचता येत नाही. तिने ती ओळ मला दाखवायला सांगितली आणि आपल्या नावावरून दोनदा बोट फिरवलं.

मी परीक्षेला बसले, पास झाले, आज भाईंदरच्या एका कॉलेजात शिकवते. बाई माझ्यासाठी इतक्या का झिजल्या, हे मी एकदा विचारलं होतं. "मराठवाड्यातून शिकायला आले तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, ही पुस्तकं तुमच्यासाठी नाहीत. मी काही वर्षं ते खरं मानलं," त्या म्हणाल्या. "ती वर्षं परत मिळत नाहीत गं. तुझी तरी जाऊ नयेत."

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची नजर अधू झाली आहे, म्हणून आम्ही विद्यार्थी पाळीपाळीने त्यांना वाचून दाखवतो. गेल्या रविवारी माझी पाळी होती. बाईंनी डोळे मिटले होते. त्या दमल्या असतील असं वाटून मी हिमवर्षावाचं एक लांबलचक वर्णन हळूच ओलांडलं.

"मधला परिच्छेद राहिला," डोळे न उघडता बाई म्हणाल्या.

मी मागे जाऊन तो वाचला.

बाई, तुम्हाला निरोगी आणि खूप मोठं आयुष्य लाभो. वाचायचं अजून पुष्कळ आहे. आम्ही पाळीपाळीने येत राहू, आणि एकही परिच्छेद गाळणार नाही.